गजकर्ण जात का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जांघेत, कमरेवर किंवा काखेत गोल लाल चट्टा उठतो. रात्री खाजवून जीव नकोसा होतो. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत आराम पडतो आणि पंधरा दिवसांनी तोच चट्टा दुप्पट होऊन परत येतो. एकेकाळी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारा हा आजार आता महिनोन्‌महिने रेंगाळतो, घरातल्या एकाचा दुसऱ्याला लागतो. लोक याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची ही उत्तरं. औषधांचं प्रमाण समजावं म्हणून आकडे दिले आहेत. पोटात घ्यायची कुठलीही गोळी मात्र डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सुरू करू नका.

गजकर्ण आणि नायटा एकच का?

बहुतेक ठिकाणी दोन्ही शब्द एकाच आजारासाठी वापरतात. काही गावांत मात्र कुठल्याही जुनाट, खाजऱ्या, जाड झालेल्या चट्ट्याला नायटा म्हणतात आणि त्यात इसबही येऊन जातो. म्हणून नाव काहीही असो, चट्टा दाखवणं महत्त्वाचं.

गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी केराटिनवर, म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर, केस आणि नखं ज्याची बनलेली असतात त्यावर जगते. ती एका बिंदूपासून चारी बाजूंना पसरत जाते, त्यामुळे कडा लाल, उंचावलेली आणि कोंडा धरलेली दिसते, तर मधला भाग बरा होत आल्यासारखा वाटतो. बुरशी सगळ्यात जास्त त्या कडेत असते. मलम मधोमध चोळून का भागत नाही, याचं कारण हेच.

चट्टा गजकर्णाचाच आहे हे कसं ओळखायचं?

खाज, कोंडा धरलेली कडा आणि बाहेर बाहेर सरकत जाणारा गोल आकार ही तीन लक्षणं एकत्र असतील तर शक्यता मोठी. पण फसवणारे आजार बरेच आहेत. इसबाचे नाण्याएवढे गोल चट्टे लसलसतात, पण त्यांचा मधला भाग मोकळा होत नाही. सोरायसिसचा कोंडा जाडसर, चंदेरी असतो आणि तो कोपर, गुडघा, डोकं अशा जागा धरतो. छाती-पाठीवरचे शिबे पांढुरके किंवा तपकिरी असतात आणि फारसे खाजत नाहीत.

चट्टा खाजत नाही, उलट तिथे स्पर्श कमी कळतो, टोचलेलं जाणवत नाही, असं असेल तर गजकर्णाचं मलम लावत बसू नका. तो कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत होतात. वेळेत उपचार सुरू झाले तर आजार पूर्ण बरा होतो आणि व्यंगही टळतं.

शंका असेल तेव्हा एक सोपी चाचणी आहे. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का ते पाहतात. दुखत नाही, खर्च फार नाही. तपासणीच्या आधी कोणतं मलम लावत होता ते सांगा. मलम चालू असेल तर बुरशी असूनही धागे दिसत नाहीत, असं होऊ शकतं.

मेडिकलच्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबते. मग ती वाईट कशी?

कारण खाज थांबणं आणि बुरशी मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक-दोन जिवाणूंवरची आणि एक स्टेरॉइड, अनेकदा क्लोबेटासॉलसारखं अतिशय तीव्र. बुरशी दिसली की शरीर तिच्याशी लढतं. लाली, सूज आणि खाज ही त्या लढाईची खूण. स्टेरॉइड ही लढाईच बंद पाडतं. म्हणून चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत लाली ओसरते, खाज जाते, आणि माणूस ट्यूब बाजूला ठेवतो. तोवर बुरशीवरच्या औषधाला काम करायला वेळच मिळालेला नसतो. ट्यूब बंद झाली की बुरशी वाढलेलीच असते, प्रतिकार पुन्हा जागा होतो आणि खाज आधीपेक्षा जोरात परतते. मग पुन्हा तीच ट्यूब. असं पाच-सहा वेळा झालं की गजकर्णाचं रूप पालटतं. गोल कडा पुसट होते, एका चट्ट्यात दुसरं कडं उमटतं, मधेच पुरळ आणि पुवाचे फोड येतात. अनुभवी डॉक्टरलाही मग ओळखायला वेळ लागतो.

दुसरं नुकसान कातडीचं. जांघ आणि काख इथली कातडी मुळात पातळ आणि घडीत दाबलेली, त्यामुळे औषध तिथे जास्त मुरतं. काही आठवड्यांतच तिथे गरोदरपणात पोटावर पडतात तशा रेघा पडू लागतात. आधी लालसर, मग पांढऱ्या. त्या कायमच्या राहतात. चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होऊन शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, उन्हात आग होते. लहान मुलांच्या अंगात हे स्टेरॉइड रक्तापर्यंत पोहोचून वाढीवरही परिणाम करू शकतं.

भारतात २०१८ साली क्लोबेटासॉलसह अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत पक्की घालण्यात आली. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात, आणि आज इतकी घरं या आजाराने हैराण आहेत त्यात या सहज मिळण्याचा मोठा वाटा आहे. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. इसबाला, सोरायसिसला ते लागतं आणि नीट वापरलं तर गुणकारी आहे. गजकर्णावर मात्र ते लावू नये.

माझ्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे हे कसं कळेल?

खोका फेकू नका. समोरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासॉल यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. ढोबळ खूण म्हणजे नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सॉल’ किंवा ‘नाइड’ येतं. एका ट्यूबमध्ये तीन-चार औषधांची नावं दिसली तर सावध व्हा. वेष्टनावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं. चुरगळलेल्या ट्यूबवरचं वाचता येत नसेल तर नाव शाबूत असेपर्यंत तिचा फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

अशी ट्यूब दोन-तीन महिने लावतोय. एकदम बंद करू का?

गजकर्णावर लावत असाल तर बंदच करायची आहे, पण पुढे काय होणार हे माहीत असू द्या. पहिले आठ-पंधरा दिवस लाली आणि खाज वाढल्यासारखी वाटेल. ‘नवीन औषध लागू पडलं नाही’ असं समजून लोक नेमके याच टप्प्यावर जुन्या ट्यूबकडे वळतात. खाजेसाठी डॉक्टर रात्रीची गोळी देतात, ती घ्या. थंड पाण्याची घडी पाच-दहा मिनिटं ठेवा आणि जागा कोरडी करा. चेहऱ्यावर कित्येक महिने लावलं असेल किंवा लहान मूल असेल तर मात्र स्वतःच्या मनाने न थांबवता डॉक्टरांच्या सांगण्यानुसार कमी करत जा.

मग मलम कोणतं, किती आणि किती दिवस?

फक्त बुरशीवरचं, दुसरं काही न मिसळलेलं: क्लोट्रिमाझोल १ टक्का, केटोकोनाझोल २ टक्के, ल्युलिकोनाझोल १ टक्का, सर्टाकोनाझोल २ टक्के यांसारखं. ल्युलिकोनाझोल दिवसातून एकदा पुरतं, क्लोट्रिमाझोल दोनदा लागतं.

लावण्याची पद्धत मलमाच्या नावाइतकीच महत्त्वाची आहे. अंघोळ करून जागा टिपून पूर्ण कोरडी करा. चट्ट्याच्या कडेपासून दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण बोटभर रुंदी बाहेरून सुरुवात करा आणि आत या. बाहेरची कातडी निरोगी दिसते, पण बुरशी तिथवर पोहोचलेली असते. आतून बाहेर चोळलं तर ती आणखी पुढे ढकलली जाते. नंतर हात साबणाने धुवा.

आता हिशोब. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत जेवढं मलम पिळलं जातं, ते साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघा आणि नितंबाचा थोडा भाग मिळून चार तळहात धरले तर एका वेळी एक ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे दोन ग्रॅम. तीस ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. बहुतेक लोक दहा-पंधरा ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग औषधाला दोष देतात.

मुदत किमान चार आठवडे. चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे लावायचंच. सगळ्यात जास्त लोक शेवटच्या या दोन आठवड्यांत चुकतात.

गोळ्या कधी लागतात? यकृत खराब होतं म्हणतात.

चट्टे अनेक जागी असतील, आजार महिनोन्‌महिने चालू असेल, आधी स्टेरॉइड लावलं असेल किंवा एकदा बरा होऊन परत आला असेल, तर नुसत्या मलमावर भागत नाही. सध्या बहुतेक वेळा इट्राकोनाझोल देतात, दिवसाला १०० ते २०० मिलीग्रॅम, चार ते आठ आठवडे किंवा गरजेनुसार जास्त. टर्बिनाफिन २५० मिलीग्रॅम हाही पर्याय असतो.

इट्राकोनाझोलची कॅप्सूल पोट भरलेलं असताना, जेवणानंतर लगेच घ्या. ती अंगी लागायला पोटातलं आम्ल हवं असतं. पित्ताची गोळी (ओमेप्राझोल, पँटोप्राझोल) किंवा अँटासिड चालू असेल तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही, आणि आपल्याकडे पित्ताची गोळी रोज सकाळी घेणारे घरटी एक तरी असतात. ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा. कोलेस्टेरॉलवरची सिम्व्हास्टॅटिनसारखी गोळी इट्राकोनाझोलसोबत चालत नाही. हृदय कमकुवत असलेल्यांना इट्राकोनाझोल देत नाहीत.

यकृताची भीती पूर्ण खोटी नाही, पण अवास्तव आहे. दारू पिणारे, आधी कावीळ झालेले आणि लांबलचक उपचार घेणारे यांची रक्ततपासणी करतात. भूक मरणं, लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं यांपैकी काही झालं तर गोळी थांबवून लगेच भेटा.

गोळ्या आणि मलम पूर्ण घेऊनही जात नाही. बुरशी बदलली आहे का?

हो, हे खरं आहे. पूर्वी भारतात ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात सर्रास सापडायची. गेल्या काही वर्षांत तिची जागा दुसऱ्या एका जातीने घेतली. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, त्याच्या जनुकातच तिच्या अनेक वाणांमध्ये बदल झालेला असतो, म्हणून ते औषध निष्प्रभ ठरतं. इट्राकोनाझोल बहुतेक वेळा चालतं, पण जास्त दिवस द्यावं लागतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक सूचना. अमेरिकेत या बुरशीचे पहिले दोन रुग्ण २०२३ मध्ये न्यूयॉर्कला नोंदवले गेले, त्यामुळे तिथल्या सगळ्याच डॉक्टरांच्या डोक्यात ती पटकन येईलच असं नाही. भारतात सुट्टी घालवून परतल्यावर चट्टे उठले आणि टर्बिनाफिनने जात नसतील, तर हे नाव त्यांच्या कानावर घाला आणि बुरशीची जात ओळखणारी तपासणी करायला सांगा.

बदललेल्या बुरशीला दोष देण्याआधी मात्र प्रामाणिकपणे पाहा: गोळी रोज घेतली का, मलम पुरेसं लावलं का, आणि घरात दुसऱ्या कुणाला खाज आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर औषध बदलून उपयोग नाही. घरातल्या प्रत्येक खाजणाऱ्या माणसाचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. सुनेचे उपचार चालू आणि सासूबाई ‘माझं काय एवढंसं’ म्हणून दाखवत नाहीत, नवरा लाजेने बोलत नाही, अशा घरात गजकर्ण फिरत राहतो.

कपडे आणि अंथरुणाचं काय करायचं?

खपलीतली बुरशी कपड्यांत महिनोन्‌महिने टिकते. रुग्णाचे कपडे वेगळे धुवा, शक्य असेल तर ६० अंशांच्या पाण्यात. उलटे करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा कपडे पंख्याखाली पूर्ण सुकवून आतल्या शिवणींवर गरम इस्त्री फिरवा. दमट चड्डी किंवा ब्लाउज अंगातच वाळेल म्हणून घालणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. टॉवेल, साबण, कंगवा ज्याचा त्याचा. घट्ट जीन्स आणि अंगाला चिकटणारे लेगिंग उपचार चालू असेपर्यंत बाजूला ठेवा, सुती आणि सैल घाला.

परकराची नाडी जिथे करकचून बसते तिथे घाम साचतो आणि चट्टा कमरेभोवती पट्ट्यासारखा फिरतो. नाडीऐवजी रुंद पट्टा लावा किंवा रोज जागा थोडी वर-खाली बदला. आणि करदोटा. लहान मुलांच्या आणि बऱ्याच पुरुषांच्या कमरेला तो वर्षानुवर्षं ओला-कोरडा होत राहतो. मनगटावरचे दोरे आणि गळ्यातल्या ताइताचा दोराही तसाच. उपचारांच्या काळात तो काढा. श्रद्धेचा प्रश्न असेल तर बरं झाल्यावर नवा बांधा, किंवा चांदीचा करा, तो धुऊन पुसता येतो.

लिंबू, लसूण, रॉकेल, टाकळा यांचा उपयोग होतो का?

लसूण ठेचून बांधल्याने कातडी भाजते, फोड येतात. लिंबू आणि रॉकेलनेही आग होऊन जखम होते. जंतुनाशक द्रव पाण्यात न मिसळता चोळणं आणि वजरीने खरवडणं हेही तसंच. कातडी फाटली की बुरशीला आणि जिवाणूंना आत जायला वाट मिळते.

टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न, म्हणजे दद्रूचा (गजकर्णाचा) नाश करणारा, असं नाव आहे, आणि बियांचा लेप लावण्याची जुनी रीत आहे. थोड्या भागावरच्या साध्या गजकर्णाला पूर्वी त्याने उतार पडत असेलही. आजच्या पसरलेल्या, स्टेरॉइडने बिघडलेल्या आजारात त्याच्या भरवशावर राहू नये. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी मात्र खुशाल खा.

वांगं, आंबट, दही बंद करावं का? रक्त अशुद्ध झालंय का?

नाही. ही बुरशी बाहेरून लागते, रक्तातून येत नाही. पथ्य म्हणून काही सोडायची गरज नाही. साखर मात्र तपासून घ्या: मधुमेह ताब्यात नसेल तर कुठलाही बुरशीचा आजार चिवट होतो.

लहान बाळाला आणि गरोदर बाईला काय द्यायचं?

तान्ह्या बाळाच्या गालावर किंवा मांडीवर चट्टा दिसला तर आईची कंबर, छाती आणि हात तपासा. बाळ जिथे कडेवर टेकतं तिथूनच बहुतेकदा लागण होते. बाळाला साधं क्लोट्रिमाझोल सहसा पुरतं, पण एकदा दाखवून घ्या. गरोदरपणात बाहेरून लावायचं क्लोट्रिमाझोल चालतं, पोटातल्या गोळ्या टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईने आपला आजार लपवू नये, औषध देताना डॉक्टर दुधाचा विचार करतात.

घरात मांजर किंवा कुत्र्याचं पिल्लू असेल आणि त्याच्या अंगावर केस गेलेला गोल भाग दिसत असेल तर त्यालाही पशुवैद्याकडे न्या.

मुलाच्या डोक्यात झालंय. चाई आहे की गजकर्ण?

चाईत टक्कल गुळगुळीत असतं. गजकर्णात कोंडा असतो आणि केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसतात. बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असल्यामुळे मलम तिथे पोहोचत नाही, गोळ्या किंवा सिरप काही आठवडे घ्यावंच लागतं. कधी मऊ, पू भरलेली सूज येते. ती गळू समजून फोडू नका, चिरा देऊन घेऊ नका. व्रण राहून तिथे केस येत नाहीत. नखांत शिरलेल्या बुरशीलाही बहुतेकदा गोळ्याच लागतात: हाताच्या नखांना साधारण सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा. औषध संपल्यावरही नख लगेच स्वच्छ दिसत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलीमीटर वाढतं, पायाचं त्याहून हळू, तेव्हा जुनं नख पुढे सरकून कापलं जाईपर्यंत थांबावं लागतं.

भाताच्या लावणीत बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या हाच आजार का?

पाण्याने कातडी पांढरी, भिजट होऊन फाटते, मग तिथे बुरशी आणि जिवाणू दोन्ही शिरतात. संध्याकाळी पाय साबणाने धुऊन बेचकी कापडाने एकेक करून कोरडी करा, रात्री क्लोट्रिमाझोल लावा. पाऊल सुजलं, लाली वर चढली किंवा ताप आला तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे. त्याच दिवशी दवाखान्यात जा. मधुमेह असेल तर सकाळची वाट पाहू नका.

खाज गेली, पण काळा डाग राहिलाय. अजून औषध लावू का?

हात फिरवून पाहा. कडा उंच लागत नाही, कोंडा नाही, खाज नाही, तर बुरशी गेली. उरलेला काळेपणा हा दाहानंतरचा रंग आहे. तो आपोआप फिका होतो, पण काही महिने घेतो. त्यासाठी गोरेपणाची किंवा डाग घालवणारी ट्यूब आणू नका, त्यातही अनेकदा स्टेरॉइड असतं. उलट कडा बोटाला लागत असेल किंवा घाम आल्यावर त्याच जागी चुळचुळ होत असेल, तर डाग कितीही फिका असला तरी उपचार अपुरे आहेत.

एवढं औषध परवडत नाही. निदान काय करू?

अर्ध्या मात्रेत महागडी कॅप्सूल आठ दिवस घेऊन सोडण्यापेक्षा स्वस्त औषध पूर्ण मुदत घेणं चांगलं. जेनेरिक क्लोट्रिमाझोल अगदी कमी किमतीत मिळतं, ते दोनदा, वरच्या हिशोबाने, पुरेसे दिवस लावा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. आणि पुण्यात ससून इथे त्वचारोग विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. घरात ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांना त्याच दिवशी सोबत घेऊन जा, म्हणजे एकाच फेरीत सगळ्यांचे उपचार सुरू होतील.